सातऱ्यावरची कोऱ्या हाताची बाई

वच्छले, भांडण अर्धं सोडून उठायची तुझी रीत नव्हती. बाजारात वांगेवालीशी सुरू केलेलं भांडण तू घरी येईपर्यंत वाटेत चालवायचीस आणि मग माझ्या ओट्यावर बसून, तिचीही बाजू स्वतःच मांडून, पुरतं संपवायचीस. मग या वेळी काय झालं वं? मंगळवारी सकाळी चहा घेतलास, सुनेला म्हणालीस, "आज साखर कमी पडली," आणि भिंतीला टेकून गेलीस. बशी हातातच होती म्हणे. माझं उत्तर ऐकायला थांबली नाहीस.

आता मी एकटीच बोलणार. मधे तोंड घालायला तू नाहीस, अशी संधी मला पन्नास वर्षांत पहिल्यांदा मिळाली आहे. आणि खरं सांगते, तिची मजा येत नाही.

हे मी आपल्या त्याच मासिकाला पाठवते आहे, ज्याच्यावरून आपलं बिनसलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी वाचकांना सांगितलं, गावाकडच्या आठवणी पाठवा, पाचशे शब्दांपर्यंत, सोबत फोटो. मी आधी फोटो काढून आले आणि मग लेख लिहिला. ही गोष्ट तू आपल्या नागपुरात, सक्करदऱ्याच्या गल्ल्यांत घरोघरी सांगितलीस, तीही खोटी नव्हती म्हणून मला रागावता आलं नाही.

माझे चार लेख छापून आले. चारही तुझी सून वंदना तुला मोठ्यानं वाचून दाखवायची, कारण तुला अक्षरओळख नव्हती. आणि दर वेळी गुरुवारी दुपारी तू माझ्याकडे यायचीस, चप्पल काढता काढताच सुरू व्हायचीस.

"रोडग्याचा खमंग वास म्हणते! अवं, पहिला रोडगा तं तुनं गाईले देला होता."

खरंच दिला होता. वाचणाऱ्यांना कळावं म्हणून सांगते, तुला नाही. आमचे हे शिक्षक. लग्नानंतर दोन महिन्यांत यांची बदली भिवापूरजवळच्या तुझ्या गावी झाली आणि मी नागपूरची मॅट्रिक पास पोरगी तुझ्या भिंतीला भिंत लागून राहायला आले. तेव्हाची ती मी आठवली की आजही तिच्या एक ठेवून द्यावीशी वाटते. विहिरीवर पाणी भरायला मी गॉगल लावून गेले होते. बायकांनी घागरी खाली ठेवल्या. तूच पुढे येऊन कळवळून विचारलंस, "डोये आले का वं मास्तरीणबाई? दूध घाला थोडं." मी म्हटलं, ही फॅशन आहे. तू मान डोलावलीस आणि दुसऱ्या दिवशी वाटीभर दूध आणून दिलंस. तुला माझं बोलणं पटलं नव्हतं.

गावजेवणात गोवऱ्यांच्या विस्तवातून काढलेले ते कणकेचे गोळे, त्यावरची राख फुंकून पंगतीत वाढत होते, आणि मी नाकाला रुमाल लावून माझा रोडगा हळूच मागे सरकवला. गाय बांधलेली होतीच. पन्नास वर्षांनी मी त्याच रोडग्यावर पाचशे शब्द लिहिले आणि लोकांच्या तोंडाला पाणी सुटलं. लेखणीला राख लागत नाही, वच्छले.

दुसऱ्या लेखात तर मी सपशेल पकडली गेले. मी लिहिलं होतं, 'कडक उन्हात कडकडीत वाळलेल्या मिरच्यांचे देठ आम्ही बायका सातऱ्यावर खुडत असू.' सातरा म्हणजे वाळल्या मिरचीचे देठ काढायचं मोठं आवार, शाळेच्या मागेच होतं. वंदनानं हे वाक्य वाचलं तेव्हा तू हसता हसता खोकलीस आणि तशीच चालत माझ्याकडे आलीस.

"आमी बायका म्हणजे कोण वं नलू? तू कधी खुडली?"

"आम्ही म्हणजे आपण सगळ्या. लिहिताना तसं लिहितात."

"मंग लिहिताना मिरचीले पाणी काहून नाई मारलं? कडक मिरची खुडली तं हातात चुराच येते, बाप्पा. आधी पाणी मारा लागते, नरम करा लागते. भिवापूरच्या बाया वाचतीन तं काय म्हणतीन?"

भिवापूरच्या बायांनी वाचलं. तीन पत्रं आली. संपादकांनी ती कौतुकानं छापली. मी दोन गुरुवार तुला चहात साखर घातली नाही.

पण आपलं खरं भांडण चौथ्या लेखाचं. तो लेख तुला आवडला नाही, त्यावर तू हसली नाहीस, आणि तू हसत नाहीस म्हटल्यावर मला तेव्हाच समजायला हवं होतं.

त्या लेखात मी लिहिलं की सातऱ्यावर आयांची लेकरं मातीत लोळताना पाहून माझं मन कळवळलं आणि मी तिथे त्यांच्यासाठी बालवाडी सुरू केली. भाषा सुरेख होती. इकडच्या महिला मंडळानं मला बोलावून शाल आणि नारळ दिला. तू तिसऱ्या रांगेत बसली होतीस, हिरव्या नऊवारीत, आणि चांगल्या जोरात टाळ्या वाजवत होतीस. परतताना आपण तलावाच्या कडेनं चालत होतो. मी शालीची घडी मोडत, पुन्हा घालत होते. तू मग म्हणालीस,

"सुरू तू केलं म्हणते. अन् बंद कोणं केलं होतं?"

माझे पाय तिथेच थांबले. पन्नास वर्षांत तू ते एकदाही बोलली नव्हतीस. मला वाटत होतं, तू विसरलीस. मला तर असंही वाटू लागलं होतं की मीच विसरले आहे.

"मग टाळ्या काहून वाजवत होतीस?"

"शाल चांगली होती म्हणून."

"वच्छले, पाचशे शब्दांत सगळं मावत नाही."

"खोटं मावते. खरं मावत नाई?"

मी तुला म्हणाले, जुन्या गोष्टी उकरून आता कोणाचं भलं होणार आहे. तू म्हणालीस, "गिरजाचं." एवढंच. आणि रस्ता ओलांडून घरी गेलीस. पुढचे तीन गुरुवार आली नाहीस. चौथ्या गुरुवारी आलीस, काही झालंच नाही अशी चहा प्यायलीस, आणि उठताना दारात वळून म्हणालीस, "लिहिजो." मी म्हटलं, बघू. माझं शेवटचं बोलणं 'बघू' हे राहिलं. इतकी वर्षं शब्दांची मिजास केली आणि वेळेला हा असला फाटका शब्द निघाला.

तर ऐक. आता सगळं लिहिते, पाणी मारून, नरम करून.

गावात आल्यावरचा तो पहिला हिवाळा. मला काम नव्हतं, आणि दुसऱ्यांच्या कामावर मत मात्र होतं. एक दिवस मी सातरा बघायला गेले. वीसेक बाया लाल ढिगांभोवती बसलेल्या, नाकातोंडावर पदर, हात सारखे चालू. आणि निंबाच्या झाडाखाली गिरजाबाई, तुझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, आरामात बसलेली. समोर एक मिरची नाही. मांडीवर एक लेकरू, पाठीशी दोन, बाजूच्या दोरीच्या झोळीत एक. मधेच उठून कोणाला पाणी पाजते, कोणाच्या कपाळावरचा घाम पुसते, कोणाचं नाक खाजवून देते. आणि संध्याकाळी वजनाच्या आधी प्रत्येकीनं आपल्या ढिगातून दोन दोन ओंजळी काढून गिरजाच्या नावानं वेगळा ढीग लावला.

माझं डोकं मॅट्रिकचं. मी लगेच निष्कर्ष काढला की ही बाई आयतं खाते आणि बाकीच्या भोळ्या आहेत, त्यांना कोणीतरी जागं केलं पाहिजे.

कोणाला विचारायचं सुचलं नाही. तुला विचारलं असतं तर तू एका वाक्यात सांगितलं असतंस. दिवसभर खुडलेल्या हाताची आग पाण्यानं जात नाही, ताकानं जात नाही, राखेनं घासूनही जात नाही. त्या हातानं लेकराला शिवता येत नाही. म्हणून रोज एकीनं मिरचीला हात लावायचा नाही. ती कोऱ्या हाताची बाई. तिनं सगळ्यांची लेकरं पाजायला आईच्या छातीशी धरायची, आईनं हात मागे ठेवायचे. पाजून झालं की उचलून न्यायचं, धुवायचं, निजवायचं. तिचा त्या दिवसाचा वाटा सगळ्याजणी मिळून खुडायच्या. उद्या दुसरीची पाळी. त्या दिवशी गिरजाची होती, एवढंच.

हे कुठे लिहिलेलं नव्हतं, कोणी शिकवलं नव्हतं. त्या वीसेकींतल्या अकरा आयांनी आपसांत बसवलेली ती रीत होती. आणि मी गॉगलवाली शहाणी दुसऱ्या दिवशी सातऱ्याच्या मालकाकडे, शेठकडे गेले, आणि पुस्तकी मराठीत म्हणाले, "आपल्या आवारात कामचुकारपणा चालतो, आपल्या लक्षात आलेलं दिसत नाही."

शेठवर मराठीचाच परिणाम झाला असावा. त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "मास्तरीणबाईंनी दाखवून दिलं. जी खुडीन तिचंच वजन. बाकीच्यांनी घरी बसा." गिरजाला हाकलून दिलं. मी घरी येऊन यांना अभिमानानं सांगितलं. हे वर्गाच्या वह्या तपासत होते, मान वर न करता म्हणाले, "विचारलं होतं का त्यांना?" मी त्यांच्यावर रुसले.

त्यानंतरची दुपार मी तुला सांगायची गरज नाही. तरी सांगते, कारण तुझ्याजवळ मी ती कधी उच्चारली नाही. मी घरात झोपले होते. सातऱ्याकडून लेकराची किंकाळी आली. मी धावत गेले. तुझा राजू सात महिन्यांचा. भुकेनं रडून रडून निळा पडला म्हणून तू हात ताकानं धुतलेस, लुगड्याला पुसलेस, आणि त्याला घेतलंस. त्यानं तुझं बोट धरलं आणि डोळ्यांवर चोळलं.

तू उभी होतीस. त्याला धरूही शकत नव्हतीस आणि टाकूही शकत नव्हतीस, दोन मनगटांवर तोलून धरलं होतंस. सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. चहाडी कोणी केली हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला वाटलं, आता तू मला मारणार. मारलं असतंस तर बरं झालं असतं. तू म्हणालीस, "मास्तरीणबाई, तुमचे हात सोच्छ आहेत नं? घ्या याले."

बस. एवढंच बोललीस.

मी त्याला घेतलं. दुधानं डोळे धुतले. यांनी सायकल काढली, मी मागच्या कॅरिअरवर पोराला घेऊन बसले. मी, जी कॅरिअरवर रुमाल अंथरल्याशिवाय बसत नसे. भिवापूरच्या डॉक्टरांनी औषध घातलं, म्हणाले, सूज उतरेपर्यंत काही सांगता येत नाही. तीन दिवस त्याचे डोळे फुगून मिटलेले होते. तीन दिवस तू माझ्याशी नेहमीसारखी बोलत होतीस, आणि त्याची मला जास्त भीती वाटत होती. चौथ्या दिवशी सकाळी त्यानं डोळे उघडले आणि पहिलं माझ्याकडे पाहून भोकाड पसरलं. तू हसलीस. म्हणालीस, "दिसते याले. बराबर दिसते."

त्याच दिवशी गिरजालाही बरोबर घेऊन तुम्ही सगळ्या सातऱ्यावर गेलात, ढिगांभोवती बसलात आणि हात मांडीवर ठेवलेत. मिरचीला पाणी मारून झालं होतं. ती तशीच राहिली तर बुरशी धरते, हे शेठला माहीत होतं आणि तुम्हाला त्याच्याहून जास्त. तो ओरडला. तू बसल्या जागेवरून सांगितलंस, "कोऱ्या हाताची एक बाई ठेवा. नाई तं आज आमचे समद्याइचेच हात कोरे."

शेठ जेवायच्या वेळेआधी कबूल झाला.

मी शाळेच्या भिंतीआडून बघत होते. घरी पळणार होते. तुझा आवाज आला, "ओ मास्तरीणबाई, लपून काहून राहिल्या? या इकडं. या हंगामाची कोऱ्या हाताची बाई तुमी."

"मला लेकरांची सवय नाही हो."

"मंग आमाले तरी कोणं सवय लावली होती?" गिरजा म्हणाली. तिनंच म्हटलं. आणि झोळीतलं लेकरू उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. त्यानं ताबडतोब माझ्या व्हॉइलच्या साडीवर धार सोडली, आणि वीस बायांच्या पदराआडून जे हसू फुटलं, तसं हसू मी पुन्हा कुठे ऐकलं नाही.

हंगामभर मी अकरा लेकरं सांभाळली. आधी उलटी धरली, मग सुलटी. दर संध्याकाळी तुम्ही माझ्याही नावानं दोन दोन ओंजळी काढायच्यात. मी म्हटलं, मला नको, मी गुरुजींची बायको. तू ढीग माझ्या पदरात ओतलास. "नाई म्हणू नका. फुकट काम आमी कोणाकडून करून घेत नाई." वर्षभराचं तिखट झालं त्याचं. त्या वर्षीची भाजी खाताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि हे म्हणायचे, भिवापुरी आहे, जहालच असते.

तर ही झाली माझी बालवाडी. लिहायला बसले तेव्हा वाटलं, चहाडी कशाला छापायची, तेवढी गाळू. ती गाळली तशी तिथे भगदाड पडलं. ते बुजवायला मन कळवळलं, बालवाडी आली, शाल आली. खोटं बोलायचं म्हणून मी बसले नव्हते, वच्छले. फक्त स्वतःला थोडं बरं दाखवायला बसले होते. तू म्हणशील, त्यात फरक काय? नाही, फारसा नाही.

तुझ्या तेरवीला मी राजूला बाजूला घेतलं. तो आता पन्नाशीचा, कळमेश्वरच्या कंपनीत माल तपासणीला. केसाएवढी चीर त्याच्या नजरेतून सुटत नाही म्हणतात. जेवणं उरकत होती, तो पत्रावळी गोळा करत होता. मी म्हटलं, "राजू, तू सात महिन्यांचा होतास तेव्हा तुझे डोळे जायची वेळ आली होती. ती माझ्यामुळे."

त्यानं पत्रावळी खाली ठेवल्या. माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "मावशी, माहीत आहे मले. मी शाळेत होतो तेव्हापासून. मले तं दोन्ही डोयानं दिसून राहिलं. चष्मा तुमाले लागला."

आणि हसला गं, अगदी तुझ्यासारखा, खोकेपर्यंत. तेरवीच्या मांडवात लोक वळून बघायला लागले. मी पदर तोंडाला लावला, तर बाजूची बाई मला धीर द्यायला धावली. तिला काय सांगू?

मग तो म्हणाला, "आई गेल्या महिन्यात मले म्हणे, नलू लिहीन. मी म्हटलं, त्या कायच्या लिहितात आता. तं म्हणे, लिहीन रे. मास्तरीण आहे, आधी शुद्धलेखन तपासीन, मंग खरं लिहीन."

म्हणजे तू भांडण अर्धं सोडून गेलीच नव्हतीस. तू जिंकल्याचं धरूनच चाललीस. मला सांगायची तसदीसुद्धा घेतली नाहीस.

पन्नास वर्षं तू मला ते एकदाही ऐकवलं नाहीस. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तू आलीस, हे गेले तेव्हा तू आलीस, राजूच्या नोकरीनं नागपूरला आलीस तर घर माझ्यामागच्या गल्लीत शोधलंस. मी कधी तुझी माफी मागितली नाही. मागायला गेले असते तर तू म्हणाली असतीस, "आता काय त्याचं? चहा टाक." म्हणून मी नेहमी चहाच टाकला. तुला माफी नकोच होती, हे मला आता कळतं. तुला फक्त त्या बाया त्यांच्या जागी हव्या होत्या.

तर हे घे. ती रीत मी सुरू केली नाही. ती त्या अकरा आयांची होती, मी येण्याच्या आधीपासून. मी ती मोडली, त्यांनी पुन्हा उभी केली, आणि मलाच त्यात बसवलं. गिरजाबाई. पार्बताबाई. कुसुम. चंद्रभागा आणि तिची जाऊ सुमन. ठमाबाई. आणि तू. सात झाल्या. बाकी चौघींची लेकरं मी मांडीवर घेतली, त्यांच्या हातची तिखटाची ओंजळ खाल्ली, आणि त्यांची नावं मला आठवत नाहीत. तुला विचारणार होते. गुरुवारी विचारू म्हटलं होतं. भिवापूरकडच्या कोणा वाचकाच्या घरी आजी-पणजी असेल आणि तिला आठवत असेल, तर मासिकाला एक कार्ड टाका. चौघींची नावं हवी आहेत.

शाल मी मंडळाला परत केली. त्यांनी घेतली नाही, म्हणे असू द्या, थंडीची कामाला येईल. ती आता गिरजाच्या नातसुनेकडे पाठवली आहे, भिवापूरला.

एवढं लिहून पाठवलं होतं, हे खालचं मागाहून जोडते: काल संपादकांचा फोन आला. लेख मिळाला, छापतो म्हणाले. मग विचारलं, "काकू, नावाखाली तुमची ओळख काय लिहू? 'बालवाडीच्या संस्थापिका' हे तर आता गाळावं लागेल."

मी म्हटलं, लिहून घ्या. 'या बाईंनी एक हंगाम मिरचीच्या सातऱ्यावर लेकरं सांभाळली. कामाला बायांनी ठेवलं होतं.'